लाइनीत हवा

त्या महिन्यात आमच्या घरात दोघांना ठसका लागत होता. एक अण्णांना आणि दुसरा स्वयंपाकघरातल्या नळाला.

नळाचं आधी सांगते, ते सोपं आहे. आमची इमारत ठाणे पूर्वेला, कोपरीत. सात मजले, आम्ही सातव्यावर. मे महिन्यात पाणीकपात सुरू झाली की गच्चीवरची टाकी रोज तळ गाठते आणि मग पाणी पुन्हा चढलं तरी आमचा नळ सरळ वागत नाही. फस्स करतो, थुंकतो, क्षणभर गप्प बसतो आणि आपण हात पुढे नेला की भसकन अंगावर येतो. प्लंबरनं येऊन नळ दोनदा उघडला, दोनदा बंद केला आणि म्हणाला, ‘‘ताई, लाइनीत हवा धरलीय.’’

आतल्या खोलीतून आवाज आला, ‘‘एअर व्हॉल्व्ह कुठाय?’’

अण्णांना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा १७ दिवस झाले होते. डावी बाजू लुळी, जीभ जड. तोवर ‘हो’ आणि ‘नको’ एवढंच बोलत होते. पहिलं अख्खं वाक्य निघालं ते हे. मी ओट्याला धरून रडले. प्लंबर मात्र दारात उभा राहून गंभीरपणे म्हणाला, ‘‘काका, गच्चीवर होता. कोणीतरी काढून बूच मारलंय.’’

‘‘गाढव आहेत,’’ अण्णा म्हणाले. हे दुसरं वाक्य.

अण्णांची सगळी नोकरी पाणी खात्यात गेली. ३१ वर्षं चावीवाला. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, छातीएवढी लांब चावी आत सोडायची आणि आटे मोजत फिरवायची. लहानपणी शनिवारी मी त्यांच्याबरोबर जायची. पाणी सोडलं की ते चावीच्या दांड्याला कान लावून उभे राहायचे. मलाही लावायला द्यायचे. मला नुसती गुरगुर ऐकू यायची. त्यांना कळायचं, पुढे कुठे गळती आहे, कुठे हवा अडकली आहे. मोठ्या जलवाहिन्या टेकाडावरून जातात तिथे माथ्यावर हवा गोळा होते आणि पाण्याची वाट अरुंद करून बसते. म्हणून उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवतात. रिकामी लाइन भरताना चावी एकदम उघडायची नाही. हवेला आधी निघून जाऊ द्यायचं, नाहीतर धडका बसून जोड निखळतात. ‘‘पाणी सोडायला अक्कल लागत नाही,’’ ते सांगायचे, ‘‘हवा सोडायला लागते.’’

आता त्यांच्या स्वतःच्या व्हॉल्व्हनं दगा दिला होता.

घरी एक स्पीच थेरपिस्ट मुलगी यायची. बोलायला शिकवणारी बाई गिळायला का शिकवते, हे शेजाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, यांना सगळ्यात धोका आहे तो साध्या पाण्याचा. मऊ भात चालेल, दह्याची कवडी चालेल, पण पाणी नको. पाणी पातळ, ते झरकन घसरतं आणि झाकण पडायच्या आत श्वासनलिकेत उतरतं. तिथून फुप्फुसात, तिथून न्यूमोनिया. म्हणून पाण्यात पावडर कालवून ते मधाइतकं दाट करायचं, चमच्यानं द्यायचं आणि हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला लावायचं. ज्या माणसानं निम्म्या गावाला पाणी पाजलं, त्याला मी पाण्याची लापशी भरवत होते.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. घशाची आकृती मी २२ वर्षं फळ्यावर काढते आहे. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका, मध्ये अधिस्वरयंत्र नावाचं पानासारखं झाकण. घोट घेताना स्वरयंत्र वर उचललं जातं, झाकण आडवं होतं, स्वरतंतू मिटतात, श्वास सेकंदभरासुद्धा नाही इतका थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. दिवसातून शेकडो वेळा. पाच मार्कांचा प्रश्न. अण्णांच्या गळ्याची घाटी वर जाते की नाही हे श्वास रोखून बघेपर्यंत हे सगळं कोणाच्या तरी अंगात चालतं, याचा मला पत्ता नव्हता म्हटलं तरी चालेल.

‘‘हा चौक काढला कोणी?’’ एकदा मोठा ठसका ओसरल्यावर त्यांनी विचारलं. हवेची वाट वरून, नाकातून येते, अन्नाची समोरून येते आणि दोन्ही एकमेकींना मध्येच ओलांडतात. पाणी खात्यात असा नकाशा कोणी मंजूर केला नसता.

मी सांगितलं, माशांनी. फार जुन्या काळातल्या काही माशांना कोंदट पाण्यात प्राणवायू पुरेना, म्हणून ते वर येऊन हवा गिळायला लागले. गिळायची तर ती अन्नाच्याच वाटेनं. त्या वाटेला खालच्या अंगाला एक पिशवी फुगली. तीच पुढे फुप्फुसं झाली.

अण्णांनी विचार केला. ‘‘म्हणजे जुन्या लाइनीवर मागाहून कनेक्शन मारलंय.’’

याहून चांगलं वाक्य पाठ्यपुस्तकात नाही. मी म्हटलं, डॉल्फिननं मात्र दुरुस्ती करून घेतली. त्याचं स्वरयंत्र चोचीसारखं वर जाऊन थेट नाकाच्या वाटेत बसतं, अन्न त्याच्या दोन्ही बाजूंनी जातं. ‘‘त्यानं नवीन लाइन टाकली,’’ अण्णा म्हणाले आणि डोळे मिटले.

त्यांच्या खाटेवरून खिडकीत एक नारळ दिसतो. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला उरलेल्या एका वाडीतला. त्याचा शेंडा आमच्या सहाव्या मजल्याला लागतो. म्हणजे साठेक फूट. आमची सोसायटी तेवढंच पाणी चढवायला दोन मोटारी ठेवते, त्यांचं बिल भरते आणि वर्षातून एकदा त्यावरून भांडते. संध्याकाळी कंटाळले की अण्णा नारळाकडे बघत पडायचे. एकदा बोट दाखवून म्हणाले, ‘‘ह्याची मोटार कुठाय?’’

प्रश्न जुना आहे. ओढून पाणी वर घ्यायला मर्यादा असते, हे कुठल्याही मोटारवाल्याला ठाऊक. विहिरीचं पाणी साधारण तीस फुटांखाली गेलं की वरची मोटार नुसती घरघरते, पंपच खाली सोडावा लागतो. कारण पाणी खरं तर पंप ओढतच नाही. पंप हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. त्या दाबाची ताकद जेमतेम दहा मीटर. मग झाड काय करतं? खोडातल्या जिवंत पेशी टप्प्याटप्प्यानं पाणी वर ढकलत असतील, असं पुष्कळांना वाटे. १८९० च्या सुमारास जर्मनीत स्ट्रासबुर्गर यांनी उंच झाडांना बुडाशी कापून विषारी द्रावणात उभं केलं. वाटेतल्या पेशी मेल्या, तरी पाणी चढतच राहिलं. आपले जगदीशचंद्र बोस तरीही १९२३ मध्ये ठासून सांगत होते की आतल्या जिवंत पेशींचे ठोके पडतात आणि रस वर जातो. बोसांवर माझा फार जीव आहे. झाडाला नाडी असावी असं वाटणारा माणूस मला बरोबर असणाऱ्या दहा माणसांपेक्षा जवळचा वाटतो. पण इथे ते चुकले.

बरोबर होते डिक्सन आणि जोली हे डब्लिनचे दोघे, १८९४ मध्ये. मोटार वर आहे, पानात. ऊन-वारा पानातलं पाणी उडवून नेतात. जेवढं जातं तेवढी मागच्या पाण्याला ओढ बसते आणि पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ती ओढ साखळीसारखी थेट मुळापर्यंत पोचते. घालवलं म्हणून येतं. नारळ दिवसभर पाणी गमावतो, त्यामुळेच त्याला पाणी मिळतं.

यात एक भयंकर गोष्ट दडली आहे, ती मी वर्गात घाईघाईनं सांगून मोकळी होते. खोडातलं पाणी ताणलेलं असतं. दोरी ताणावी तसं. आपल्या पाइपात पाणी भिंतीला बाहेर रेटतं, झाडाच्या नळीत ते भिंतीला आत ओढतं. अशा ताणलेल्या पाण्यात हवेचा एक बुडबुडा शिरला की साखळी तुटली. ती नळी गेली.

‘‘हवा धरली,’’ अण्णा म्हणाले.

हवा धरली. पण झाडात सातव्या मजल्याचा नळ रडत बसत नाही. खोडात एक मोठा पाइप नसतो, केसासारख्या हजारो बारीक नळ्या असतात आणि नळीतून नळीत जाताना वाटेत सूक्ष्म जाळीचे पडदे असतात. पडद्यातून पाणी जातं, बुडबुडा जात नाही. एक नळी बिघडली की पाणी शेजारच्या वाटेनं वळतं. उन्हाळ्यात अशा नळ्या तुटताना बारीक ‘टिक’ आवाज होतो, तो १९६० च्या दशकातच काही जणांनी यंत्र लावून ऐकला. २०२३ मध्ये तेल अवीवच्या संशोधकांनी तहानलेली टोमॅटोची आणि तंबाखूची रोपं ऐकली. तासाला तीस-पन्नास टकटक, आपल्या कानाच्या पट्टीच्या पलीकडची. नीट पाणी घातलेली रोपं जवळजवळ गप्प. हे सांगितल्यावर अण्णांनी उजवा हात उचलून हवेत धरला, दांड्याला कान लावताना धरायचे तसा.

नारळाचं आणखी एक. आंबा-फणसासारखी झाडं दरवर्षी नवं लाकूड घालतात, म्हणजे नवी पाइपलाइन. नारळाचं खोड तसं वाढत नाही. एकदा घातलेल्या नळ्या जन्मभर चालवायच्या, साठ-सत्तर वर्षं. आमच्या इमारतीची लाइन अठराव्या वर्षी बदलली, त्याचा हप्ता अजून चालू आहे.

ढकलायची युक्ती झाडांना येत नाही असं मात्र नाही. इमारतीच्या मागे, जिथे टाकीचा ओव्हरफ्लो ठिबकतो, तिथे आपोआप अळू माजलं आहे. अळवावरचं पाणी म्हणजे न टिकणारं, आपल्याकडे संसारालाही हेच म्हणतात. पण पहाटे जाऊन बघा. पानाच्या टोकाला एक थेंब लोंबत असतो, टपकतो, पुन्हा भरतो. ते दव नव्हे. रात्री पानांची रंध्रं मिटलेली असतात, वरून ओढ नसते आणि मुळं मात्र क्षार आत घेऊन पाणी शोषत राहतात. ते जास्तीचं पाणी खालून रेटलं जाऊन टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतं. थोडक्यात, ओव्हरफ्लो. हा रेटा अळवाला पुरतो, नारळाच्या शेंड्याला पुरत नाही.

मेच्या शेवटी डॉक्टरांनी अण्णांना बाहेर न्यायला परवानगी दिली. चाकाच्या खुर्चीतून मीठबंदर रोडनं खाडीपर्यंत नेलं. रस्ता जिथे संपतो तिथे ओहोटी लागलेली, चिखल उघडा पडलेला आणि त्यात अर्थातच आपण टाकलेलं सगळं. २०२२ मध्ये या खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, ते प्लास्टिकच्या पिशव्यांना कोणी कळवलेलं दिसत नाही. पण मधल्या जागेत तिवरांची मुळं उभी होती, पेन्सिली रोवल्यासारखी, शेकडो.

‘‘एअर व्हॉल्व्ह,’’ अण्णा म्हणाले. मी काही सांगायच्या आधी.

खाडीच्या चिखलात बोटभर खोल गेलं की प्राणवायू संपतो. काळा, अंड्यासारखा वास येणारा चिखल. मुळाला जगायचं तर हवा वरूनच आणायला हवी, म्हणून तिवर उलटी, वर वाढणारी मुळं काढतं. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात, हवा जाईल पण पाणी शिरणार नाही अशी. भरतीला ही सगळी बुडतात. मग? १९५५ मध्ये शोलांडर यांनी मुळातल्या हवेचे नमुने घेऊन पाहिलं. बुडलेलं मूळ आतला प्राणवायू वापरत राहतं. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो, त्याची जागा भरून निघत नाही. आतला दाब उतरतो. पाणी ओसरून छिद्रं उघडी पडली की बाहेरची हवा आपोआप आत खेचली जाते. म्हणजे तिवराची छाती खाडीच हलवते. दिवसातून दोनदा श्वास.

त्यांच्या पाण्याचंही तसंच. आजूबाजूला सगळं खारट, प्यायचं गोडं. समुद्राच्या पाण्यातून मीठ मागे ठेवून पाणी ओढायला हवेच्या दाबाच्या पंचवीसपट जोर लागतो. आमच्या ओट्याखालचं आरओ मशीन त्यातला थोडा जोर लावतानाच इतकी घरघर करतं. शोलांडर यांनीच १९६५ मध्ये खारफुटीच्या फांद्या पोलादी डब्यात दाबून मोजलं, तर आतल्या पाण्यावर ३० ते ६० पटींचा ताण निघाला. वर्गातला नारळ यापुढे लेचापेचा. बहुतेक मीठ मुळाशीच अडतं, चुकून आत आलेलं तिवर पानांतून घामासारखं टाकतं. मी एक पान तोडून जिभेला लावलं. खारट. अण्णांनी हात पुढे केला, त्यांनाही दिलं. त्यांनी चाटलं, आणि महिनाभर बेचव लापशी खाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी इथे लिहीत नाही.

दूर ऐरोलीच्या अंगाला परतायला उशीर झालेल्या रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची फिकट रेघ होती. त्यांच्याबद्दल एवढंच की पक्ष्यांच्या फुप्फुसात हवा एकाच दिशेनं वाहते, पुढच्या-मागच्या पिशव्या भात्यासारख्या ती फिरवतात. एक श्वास आत जाऊन पुरता बाहेर यायला दोनदा छाती हलवावी लागते. आपलं फुप्फुस म्हणजे बंद बोळ, ज्या तोंडानं आत त्याच तोंडानं बाहेर, शिळी हवा ताज्या हवेत मिसळलेली. त्यांचं एकेरी वाहतुकीचं. कोपरीच्या पुलावर आयुष्य काढलेल्या माणसाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

पण अण्णांची नजर खाली होती, निवट्यांवर. चिखलावर सरपटणारे मासे, डोळे वर काढलेले. बाजारात कोळीण मावशींच्या पाटीत ओल्या फडक्याखाली ते तासन्‌तास जिवंत असतात; शेजारी चिंबोऱ्या तोंडाला फेस आणून बसलेल्या असतात, कल्ल्यातलं उरलंसुरलं पाणी हवेत घुसळत. निवटा गालाच्या पोकळीत पाणी धरून जमिनीवर येतो आणि ओल्या कातडीनंही श्वास घेतो. कातडी सुकली की संपला.

त्याची खरी कमाल बिळात असते. मादी बिळातल्या एका कोठडीच्या छताला अंडी चिकटवते. बिळात पाणी, पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. जपानमधल्या निवट्यांवर इशिमात्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं आहे. तिथला नर वर येतो, तोंडभर हवा घेतो, बुडी मारून कोठडीत सोडतो, पुन्हा वर येतो. घोटाघोटानं हवा नेऊन तो पाण्याखाली हवेची खोली राखतो. आणि अंडी पिकली की रात्रीच्या भरतीला हाच बाप उलटं काम करतो. कोठडीतली हवा तोंडात भरून बाहेर नेऊन टाकतो. पाणी चढतं, अंडी बुडतात आणि बुडाल्यावरच फुटतात.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘वेळ कशी कळते त्याला? कधी काढायची ते.’’

परत येताना ते २०१० चं बोलले. त्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं होतं, किनाऱ्यावरच्या तिवरांच्या मुळांना काळा थर बसला होता. मला आठवलं, तेव्हा आमच्या खात्याच्या वसाहतीत पावसाळ्याआधी साचल्या पाण्यावर तेल ओतायचे. डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटाकडची नळी लावून डोकं खाली करून लोंबते. तेलाचा तवंग त्या नळीचं तोंड बंद करतो. एकच युक्ती. एकीकडे मुद्दाम, एकीकडे चुकून.

शेजारच्या सिंधी आंटी त्या आठवड्यात कमळकाकडीची भाजी घेऊन आल्या. त्या तिला ‘भे’ म्हणतात. अण्णांसाठी वेगळी, मऊ शिजवून घोटलेली. मला मात्र चकत्या. चकतीला ती ओळखीची भोकं. इतकी वर्षं मी ती रस्सा धरण्यासाठी आहेत अशा समजुतीनं खाल्ली, जीवशास्त्राची बाई असून. ती कमळाची हवेची लाइन आहे. तळ्याच्या चिखलातल्या त्या खोडाला श्वास पोचतो तो पानातून, देठाच्या पोकळ नळ्यांतून. १९८० मध्ये डेसी यांनी पिवळ्या कुमुदिनीत दाखवलं की उन्हानं तापलेली कोवळी पानं हवा आत घेतात, दाबानं ती देठातून चिखलातल्या खोडापर्यंत उतरते आणि जुन्या, सच्छिद्र झालेल्या पानांच्या देठांतून वर येऊन बाहेर पडते. झाडाच्या आत चक्क वारा वाहतो. कमळाचंही काम अशाच दाबावर चालतं. मी एक चकती खिडकीच्या उजेडात धरून अण्णांना दाखवली. त्यांनी भोकं मोजली.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. गच्चीवर नवा एअर व्हॉल्व्ह बसला. अण्णांनी खाटेवरून सेक्रेटरींना बोलावून घेतलं होतं आणि सेक्रेटरी निमूट ऐकून गेले होते. सहाव्या आठवड्यात थेरपिस्ट म्हणाली, आज साधं पाणी देऊन बघू. एक चमचा.

मी फुलपात्रातून चमचा भरला. पावडर नाही, काही नाही. अण्णांनी हनुवटी झुकवली. पाणी तोंडात घेतलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग घाटी वर गेली, खाली आली. ती मुलगी त्यांच्या गळ्याला बोटं लावून होती. तिनं मला गप्प राहायची खूण केली. आम्ही तिघं ठसक्याची वाट बघत बसलो.

ओट्याकडून फस्स आवाज आला.

‘‘नळ उघडा ठेवलायस,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आणखी एक चमचा दे.’’